करंजओढ्यावरची न बांधलेली भिंत

१. कोरडी वस्ती

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता हनुमान वस्ती कोरडी पडली.

म्हणजे धायरीतली खरीखुरी वस्ती नव्हे. तिथे त्या वेळी नळाला पाणी होतं आणि हंड्यांवरून रीतसर भांडणं चालू होती. कोरडी पडली ती खराडीला, 'जलरेखा' कंपनीच्या सहाव्या मजल्यावर, राजनंदिनी घोरपडे यांच्या संगणकाच्या पडद्यावर. मंगळवारी याच पडद्यावर वस्तीत मांडीभर पाणी होतं. आज थेंब नव्हता. करंजओढा निळा, पलीकडची निर्झर सोसायटी निळी, आणि अलीकडे मारुतीच्या देवळापासून शेवटच्या पत्र्याच्या घरापर्यंत सगळं उन्हाळी माळासारखं पिवळं.

नेमक्या त्याच वेळी उत्तरेश्वर डोईफोडे लिफ्टमधून वर येत होते. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नदी-नाले मोजून निवृत्त झालेला माणूस. दर शनिवारी सल्लागार म्हणून इथे यायचा आणि उरलेले सहा दिवस जिथे कीर्तन असेल तिथे टाळ घेऊन हजर असायचा. लिफ्टमधल्या वॉचमनला ते चैत्रातल्या सप्ताहाची गोष्ट सांगत होते.

"काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलेलं. वारा असा गार, की बायका पदर सावरून बसलेल्या. आणि वरून एकदम घूंऽऽ असा आवाज. भुंगा म्हणावा तर केवढा मोठा. महाराजांनी वर बोट केलं आणि म्हणाले, मंडळी, सरकून बसा, नारदमुनी आलेत, वीणा लावतायत. सगळी सभा हसून लोटपोट."

"दिसले का नारद?" वॉचमनने विचारलं.

"आमच्यासारख्यांना दिसतात होय? आवाज ऐकला, तेवढं पुण्य पुरे."

दार उघडलं. समोर राजनंदिनी मॅडम उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात एक बंद पाकीट होतं.

"काका, चहा नंतर," त्या म्हणाल्या. "आपल्या नकाशात कुणीतरी हात घातलाय."

२. रेघ आणि मैदान

केबिनमध्ये संतोष कुलथे आधीच बसलेला होता. कंपनीचा व्यवस्थापक; सदाशिव पेठेत वाढलेला, आणि बोलणं कात्रीसारखं.

"या, डोईफोडे साहेब. तुमच्या वस्तीचा उद्धार झालाय. पूर आता त्यांना विचारून येणार."

राजनंदिनीबाईंनी खुर्ची पुढे केली. "आज चार वाजता अंतिम नकाशा पालिकेला जायचाय. सोमवारी बैठक. ओढ्याच्या एकाच काठाला संरक्षक भिंत मंजूर होणार. नकाशात वस्ती कोरडी असेल, तर भिंत निर्झर सोसायटीला जाईल."

उत्तरेश्वरकाका पडद्याकडे बघत राहिले. त्या वस्तीतल्या मारुतीपुढे ते पाच वर्षं टाळ वाजवत होते. गेल्या सप्टेंबरात तिथल्या चुलींवरून पाणी गेलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हे खोटं आहे, मॅडम. गेल्या वर्षी पाणी आलं होतं."

"मला पटतं. पण त्याची सरकारी नोंद नाही. आणि आपला नियम तुम्हीच घालून दिलाय, की कारण सापडल्याशिवाय आकडा बदलायचा नाही."

नियम खरंच त्यांचाच होता.

पूर कागदावर कसा आणतात हे त्यांना या कंपनीत येऊन कळलं होतं, आणि कळलं ते कीर्तनामुळेच. ओढा म्हणजे एक रेघ. त्यातलं पाणी पुढे जातं नाहीतर मागे तुंबतं, तिसरी वाट नाही. ऑफिसात त्याला वन-डी म्हणायचे. काठाबाहेरची जमीन म्हणजे चौकटी-चौकटींचं मैदान. तिथे पाणी चारी दिशांना पसरतं, ते टू-डी. महाराज एकटे निरूपण करत असतात ती रेघ. मग ते चाल धरतात, टाळकरी ती उचलतात आणि सगळा मांडव सुराने भरतो, ते मैदान. पण रेघेचं मैदान कुठे व्हायचं? त्याला एक उंबरठा लागतो. ओढ्याचा तो उंबरठा म्हणजे काठ. संगणकात काठावर एक जोडरेघ आखतात, तिच्यावर ठिकठिकाणी काठाची उंची लिहितात. ओढ्यातलं पाणी त्या उंचीच्या वर गेलं, की मैदानात सांडतं. ऑफिसातली पोरं तिला नुसतं लिंक म्हणत.

"डाव्या काठाच्या लिंकवर," मॅडम म्हणाल्या, "एका ठिकाणी सत्तावीस मीटर लांबीत काठ साडेतीन मीटरने उंच झालाय. मंगळवारी नव्हता. वस्तीत पाणी जिथून शिरतं ती खोलगट जागा, बरोबर तीच. कुणीतरी तिथे भिंत बांधली."

"कुणीतरी काय," संतोष म्हणाला. "गुरुवारी दुपारी अपेक्षाच्या नावाने बदल झालाय. आणि अपेक्षाचं लग्न ठरलंय साई नावाच्या मुलाशी. हा साई नोकरी कुठे करतो विचारा."

"कुठे?"

"निर्झर सोसायटी बांधणाऱ्या बिल्डरकडे."

मॅडमनी पाकीट टेबलावर ठेवलं. "हे अपेक्षाला नोकरीवरून काढल्याचं पत्र आहे. मला ते द्यायचं नाहीये. पण चार वाजेपर्यंत दुसरं काही सापडलं नाही, तर नकाशाही जाईल आणि हेही."

३. दोन जबान्या

अपेक्षा पोतदार खिडकीजवळच्या टेबलावर बसली होती. डोळे लाल, पण पाठ ताठ. परभणीहून शिकायला आलेली मुलगी. तीन वर्षांत तिने एकही आकडा न तपासता पुढे ढकलल्याचं काकांना आठवत नव्हतं.

"काका, बदल मीच केलाय," ती म्हणाली. "मी नाही म्हणतच नाहीये. आधी काठाची उंची हाताने मोजलेल्या आडव्या छेदांवरून घेतली होती. पण छेद ऐंशी-ऐंशी मीटरवर आहेत. मधला काठ म्हणजे आपला अंदाज, दोन टोकांना दोरी बांधल्यासारखा. ड्रोनच्या सर्व्हेत तर मीटरा-मीटरवर उंची आहे. म्हणून गुरुवारी सोर्स बदलला. सगळ्या लिंकला एकदम, दोन्ही काठांना. एका जागेला हातसुद्धा लावला नाही."

"बदल करावा हे कुणी सुचवलं?"

ती जरा घुटमळली. "रिव्ह्यूमध्ये कॉमेंट होती. संतोष सरांची."

"मग ते सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी सगळ्यांसमोर साईचं नाव काढलं, काका. त्यानंतर मी काहीही बोलले असते, तरी ते साईसाठीच बोलतेय असं वाटलं असतं."

काकांनी तिच्या टेबलावर खिशातली खडीसाखर ठेवली. त्यांच्याकडे बहुतेक दुःखांवर तेवढंच औषध असे. मग ते संतोषकडे गेले.

"कॉमेंट माझीच," संतोष जराही न बिचकता म्हणाला. "योग्यच होती. मी तिला अचूक उंची घ्यायला सांगितली, भिंत बांधायला नाही."

"तुमचं घर कुठंशी आलं म्हणालात?"

संतोषचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "तुम्ही तपास केलेला दिसतो."

"नाही. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरतं म्हणून तुम्हीच दर वर्षी कुरकुर करता. आणि सिंहगड रस्त्याच्या नावाने बोटं मोडता. म्हणून विचारलं."

"निर्झरमध्ये. बी विंग." त्याने पेन टेबलावर आडवं ठेवलं. "म्हणजे भिंत तिकडे गेली तर माझी गाडी वाचते. लिहून घ्या. पण साहेब, गाडीसाठी वस्ती बुडवणारा माणूस मी नाही. टोचून बोलतो, तेवढाच माझा गुन्हा."

काका परत निघाले. दोघांचीही कारणं खोटी वाटत नव्हती, आणि दोघांनाही फायदा निर्झरच्याच काठाला भिंत होण्यात होता. बारा वाजून गेले होते.

४. ठेका

"मला ती भिंत दाखव," काकांनी अपेक्षाला सांगितलं. "नकाशावर नको. बाजूने, उभी कापून."

तिने लिंकचा आलेख उघडला. काठ डावीकडून येत होता, जुन्या मातीच्या बांधासारखा, थोडा वर थोडा खाली. मग ती सत्तावीस मीटरची उंच जागा. पुढे पुन्हा मातीचा बांध.

"मोठं कर. अजून."

उंच जागेचा माथा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला, आणि काका पुढे वाकले. माथा सपाट नव्हता. त्यावर लहान लहान उंचवटे होते. एक उंचवटा, मग हलकासा झोळ. पुन्हा उंचवटा, पुन्हा झोळ. काकांनी बोटाने मोजले. सात उंचवटे. मधे सहा झोळ. प्रत्येक झोळ सारख्याच लांबीचा.

त्यांची बोटं नकळत टेबलावर वाजू लागली.

"काका?"

"ह्याला ठेका आहे, पोरी." ते म्हणाले. "बघ. दोन उंचवट्यांत अंतर किती?"

"साडेचार मीटर. चार पॉइंट सहा म्हणा."

"म्हणजे पंधरा फूट. सगळीकडे?"

"सगळीकडे."

काका खुर्चीत मागे रेलले. "आता मला सांग. एखाद्याला काठ चोरून उंच करायचाय. तो काय करेल? एक आकडा घेईल आणि खालपर्यंत तोच भरत जाईल. सरळ रेघ. साडेतीन, साडेतीन, साडेतीन. लबाडाला घाई असते. तो बसून दर पंधरा फुटांवर झोळ कशाला काढेल?"

अपेक्षा आलेखाकडे वळली. "म्हणजे हे कुणी टाइप केलेलं नाही?"

"नाही. हे ड्रोनने खरोखर पाहिलंय. चैत्रात सर्व्हे झाला, त्या दिवशी त्या काठावर काहीतरी होतं." ते पडद्याकडे बघत राहिले. "माती अशी झोळ खात नाही. वीट खात नाही. मग सत्तावीस मीटर लांबीचं असं काय आहे, जे चैत्रात होतं आणि आज नाही?"

ओळखीची काहीतरी गोष्ट मनाच्या दारापर्यंत येत होती आणि उंबरठ्यावरून परत जात होती.

५. लाह्या

जेवणाच्या सुट्टीत सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले, पण बोलणं नव्हतं. एरवी मे महिन्याच्या शेवटी त्या टेबलावर आमरसाच्या डब्यांची बोली लागायची. आज अपेक्षा एका टोकाला होती आणि संतोष दुसऱ्या टोकाला.

काका इरफान बागवानशेजारी बसले. ड्रोन उडवणारा इरफान. आजोबांचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं; नातवाच्या हाताला तीच सफाई. त्याचा डबा आज उघडलेलाच नव्हता.

"काका, मीही संशयितांत आहे ना?" तो हळूच म्हणाला. "उंची तर माझ्याच सर्व्हेतली आहे."

"आधी जेव. रिकाम्या पोटी कबुली देऊ नये, जास्तीचे गुन्हे तोंडातून जातात."

इरफान हसला. काकांनी आपल्या डब्यातलं त्याच्या ताटलीत वाढलं. सुशीलाबाईंनी, म्हणजे काकांच्या कुटुंबाने, उन्हाचं म्हणून दही-पोहे दिले होते, वरून लिंबाचं लोणचं.

"उडवलंस कुठून?"

"पुलावरून. सावली तिथेच होती. वस्ती दोनशे मीटर पुढे. मला दिसते फक्त स्क्रीनवर ठिपक्यासारखी. चार बॅटऱ्या लागल्या. फोटो बाहेरच्या एका ऑफिसला पाठवले, त्यांनी उंची काढून दिली. घरं आणि झाडं ते कापून टाकतात, फक्त जमीन ठेवतात."

"घर कोणतं आणि जमीन कोणती, हे त्यांना कसं कळतं?"

"झाडं प्रोग्रॅमच ओळखतो. घरं पालिकेच्या नकाशावरून. नकाशात घर असलं की तेवढा तुकडा काढायचा." त्याने दही-पोह्यांचा घास घेतला आणि थांबला. "अरे, हे तर त्या दिवशीसारखं लागतंय."

"कुठल्या दिवशी?"

"त्याच. सर्व्हेच्या. बॅटरी बदलत होतो, तर वस्तीकडून एक मावशी आली. डोक्यावर टोपलं. म्हणाली, उन्हात हुबा हायेस, खाऊन घे. द्रोणात दही होतं, पण पोहे नव्हते. ज्वारीच्या लाह्या. डाळीचे दाणे, लोणचं, काकडी, सगळं एकत्र. मी म्हटलं, मावशी, मी इरफान. ती म्हणाली, मग? तुला दही चालत नाही का?"

काकांचा हात डब्यावरच थांबला.

"लाह्या," ते म्हणाले. "दही, लोणचं, काकडी. एकत्र कालवलेलं. नीट आठव, इरफान. द्रोण तिने दुपारी दिला?"

"बाराच्या सुमारास. आधी तिकडून खूप टाळ्या आणि गाणं ऐकू येत होतं. मला वाटलं लग्न असेल."

काका उठले. लोणच्याचं बोट तसंच धरून ते टेबलाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि अगदी संथ आवाजात म्हणाले, "मॅडम, ते पाकीट फाडायला घ्या. कुणीही लबाडी केलेली नाही. मला फक्त एक फोन करू द्या."

६. सात खांब

फोन त्यांनी सगळ्यांसमोर, आवाज मोठा करून लावला.

शकूताई कांबळे हनुमान वस्तीत राहायच्या. सकाळी चार घरची कामं, संध्याकाळी देवळाची झाडलोट, आणि सप्ताहात सगळ्या स्वयंपाकाची सूत्रं त्यांच्या हातात.

"बोला भाऊ. आज शनिवार, आज तर तुमी हापिसात."

"हापिसातनंच बोलतोय, शकूताई. चैत्रात काल्याच्या दिवशी पुलावरच्या एका पोराला तुम्ही प्रसाद दिला होता?"

"दिला की. यंत्र घिऊन हुबा हुता बिचारा. का वो, बाधला का त्याला?"

इरफानने तोंडावर हात धरला.

"बाधला नाही. तुम्हाला एक विचारतो, घाई न करता सांगा. आपल्या मांडवाला ओढ्याच्या अंगानं खांब किती होते?"

"सात." उत्तर क्षणात आलं. "मीच पताका बांधल्या न्हाईत का? सात खांब, सहा गाळे. मांडववाला म्हनला, पंधरा फुटाचा गाळा पडतो, काठाला सहाच बसत्यात."

सहा गुणिले पंधरा, नव्वद फूट. अपेक्षाने गणकयंत्राला हातही लावला नाही. "सत्तावीस मीटर," ती पुटपुटली.

"अजून एक. गेल्या भाद्रपदात पाणी मारुतीच्या पायऱ्यांना कुठवर आलं?"

"दुसरी पायरी बुडाली. तिसरीला लागलं न्हाई. मी रातभर तिसरीवरच बसले हुते, मला काय इचारता."

फोन संपला. मग काकांनी खुर्ची ओढली आणि निरूपणाला बसल्यासारखे बसले.

"काला सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी होतो. वर्षातून एकदा. दही-लाह्यांचा तो प्रसाद मिळाला, म्हणजे कीर्तन नुकतंच संपलेलं आणि मांडव उभा. इरफानने नेमका त्याच दिवशी ड्रोन उडवला. त्याला पुलावरून कीर्तन ऐकू येत होतं, आणि आम्हाला मांडवात बसून त्याचं यंत्र. महाराजांना ते नारदमुनी वाटले."

"म्हणजे नारद मी?" इरफान म्हणाला.

"तूच. आता घरं पालिकेच्या नकाशावरून कापली, पण सात दिवसांचा मांडव कुठल्या नकाशात असणार? तो जमीन म्हणून राहिला. खांबापाशी कापड उंच, दोन खांबांच्या मधे झोळ. सात उंचवटे, सहा झोळ. मंगळवारपर्यंत काठाची उंची हाताने मोजलेल्या छेदांवरून येत होती. मांडव दोन छेदांच्या मधे पडला, म्हणून तो दिसलाच नाही. गुरुवारी अपेक्षाने ड्रोनची उंची घेतली, आणि कापडाची भिंत झाली. ओढ्याचं पाणी आलं, उंबरठ्याशी थांबलं, कापडाला भिऊन परत गेलं."

"थिअरी सुरेख आहे," संतोष म्हणाला. आवाजातली कात्री मात्र बोथट झाली होती. "पुरावा?"

"ड्रोनचे मूळ फोटो," अपेक्षा ताडकन म्हणाली. "फोटो इतका जड आहे, की मॉडेलमध्ये लावला की मशीन बसतं. म्हणून आम्ही तो कधी लावतच नाही. नुसत्या उंचीवर काम करतो."

"म्हणजे सगळ्यांनी आकडे पाहिले आणि चित्र कुणीच नाही," राजनंदिनी मॅडम म्हणाल्या. "लाव."

मशीन खरंच बसलं. दोन मिनिटं पडदा पांढरा राहिला. मग ओढा उमटला, पूल उमटला, आणि डाव्या काठावर, मातीच्या दोन बांधांच्या मधोमध, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लांबच लांब मांडव. कडेला सात ठिपके, त्यांवर भगव्या पताका. मांडवाच्या तोंडाशी चपलांचा ढीगसुद्धा दिसत होता.

काकांनी चष्मा पुसला. त्या ढिगात त्यांच्याही चपला होत्या.

७. गुन्हेगार

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

अपेक्षाने मांडवाचा चौकोन आखून मैदानातून काढला आणि तेवढ्या लांबीत लिंकवर हाताने मोजलेल्या छेदांची उंची बसवली. बाकीचा काठ ड्रोनचाच ठेवला. आधी गेल्या सप्टेंबरचा पाऊस घालून मॉडेल सोडलं. खरं-खोटं तिथेच कळणार होतं.

टक्केवारी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. संतोषने उठून स्वतः चहा केला, आणि पहिला कप अपेक्षासमोर ठेवला.

"मी वर्षातून एकदा चूक कबूल करतो," तो म्हणाला. "ह्या वर्षीची ही. साईचं नाव काढायला नको होतं."

"आणि पुढच्या चुका, सर?"

"पुढच्या वर्षी."

ती हसली, सकाळपासून पहिल्यांदा. मॅडमनी पाकीट उभं-आडवं फाडून टोपलीत टाकलं.

तीनला पाच कमी असताना पडदा हलला. निळा रंग ओढ्याच्या रेघेतून काठाशी आला, खोलगट जागेवर क्षणभर रेंगाळला, आणि उंबरठा ओलांडून वस्तीत उतरला. मारुतीच्या ओट्यापाशी खोली आली बेचाळीस सेंटिमीटर.

"पायरी सात इंचांची," काका म्हणाले. "दोन पायऱ्या म्हणजे छत्तीस सेंटिमीटर, तीन म्हणजे त्रेपन्न. दुसरी बुडाली, तिसरीला लागलं नाही."

"शकूमावशी बरोबर," इरफान म्हणाला.

मग मोठ्या पुराचं मॉडेल सोडलं. चारला सात मिनिटं असताना अंतिम नकाशा पालिकेला गेला. वस्ती त्यात मांडीभर निळी होती. कुणाचं घर बुडालेलं पाहून एवढा आनंद झाल्याची काकांना जरा लाजच वाटली.

"आता अहवालात कारण लिहायचं," मॅडम म्हणाल्या. "नियम तुमचाच. चूक कुठे झाली हे लिहिलं. पण मुळात मांडव ओढ्याच्या काठावर का? देवळापुढे अंगण आहे ना?"

काकांनी कपातला शेवटचा घोट घेतला. सगळी उत्तरं दिली होती. हे एक तेवढं राहिलं होतं.

"अंगण लहान पडतं. म्हाताऱ्या माणसांना उकडतं. फाल्गुनात सप्ताहाची बैठक बसली, तेव्हा एकजण म्हणाला, काठावरच्या सपाटीवर मांडव घाला, वारा चांगला लागेल. मांडव तिथे गेला नसता, तर आज काहीच झालं नसतं."

"कोण हा एकजण?"

"चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात होता. पाणी कुठून शिरतं हे त्याला नीट माहीत होतं. पण कीर्तनाचं नाव निघालं, की त्याला दुसरं काही सुचत नाही."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग इरफान पहिल्यांदा हसला, त्याच्या मागोमाग अपेक्षा, आणि शेवटी संतोषही, आवाज न करता, खांदे हलवत.

"म्हणजे तपास करणाराच आरोपी," मॅडम म्हणाल्या. "काका, कारवाई करावी लागेल."

"करा."

"पुढच्या काल्याला ह्या सगळ्यांना घेऊन जायचं. प्रसादासकट. आणि त्या दिवशी ड्रोन ऑफिसात राहील."

८. पाठ टेकायला

बैठकीनंतर पंधरा दिवसांनी मंजूर कामांची यादी लागली. करंजओढा, डावा काठ, संरक्षक भिंत. काका त्या संध्याकाळी वस्तीत गेले तेव्हा शकूताई देवळापुढे सडा टाकत होत्या.

काकांनी सगळी हकिकत सांगितली. वन-डी आणि टू-डी त्यांनी गाळलं; रेघ, मैदान आणि उंबरठा एवढ्यावरच भागवलं. शकूताईंनी बादली खाली ठेवून ऐकलं.

"म्हंजी आपला मांडव त्या यंत्राला भिंत वाटला."

"हो."

"अन् आता तितंच खरी भिंत येनार."

"तिथेच. त्या सपाटीवरच." सकाळपासून काकांच्या मनात हेच होतं. "एक वाईट वाटतं. भिंतीचा पाया आला की सपाटी अर्धी होईल. वाराही अडेल. मांडव पुन्हा अंगणात घ्यावा लागणार."

शकूताईंनी ओढ्याकडे पाहिलं. पाण्याची बारीक रेघ दगडांमधून वाहत होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग त्यांनी बादली उचलली.

"अंगनात कशाला? अर्ध्या सपाटीवर बसू की, भिंतीला लागून," त्या म्हणाल्या. "पाच वर्सं झाली, कीर्तनाला पाठ टेकायला काय मिळत न्हवतं."